धाकलूचा नेम

"पेट! अरे बाबा, पेट सामने है, मार ना!"

लोबो मेस्त्री तुसाने ठासून भरलेलं पोतं दोन्ही हातांनी धरून उभा होता. पोत्याच्या वरच्या टोकाला त्याने खडूने दोन डोळे काढले होते आणि मधोमध कोळशाने एक गोल. डोळे म्हणजे डोकं आणि गोल म्हणजे पोट. धाकलू घामाने निथळत ठोसे घालत होता, पण सगळे वरच. खडूचे डोळे केव्हाच पुसून गेले होते. कोळशाचा गोल मात्र रुखवतातल्या लाडवासारखा कुणाचा हात न लागता शाबूत होता.

कर्जतच्या त्या भातगिरणीच्या मागच्या अंगणात, तुसाच्या ढिगाआड, हा उद्योग चाले. दुपारी भाकरीच्या सुट्टीत गिरणीची घरघर थांबली की मेस्त्री भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले हातमोजे काढी. मूळचा तो गोव्याकडचा. जवानीत जहाजावर कोळसा ओढलेला आणि बंदराबंदरांत गोऱ्या-काळ्यांशी बॉक्सिंग खेळलेला. नाक बसून गालांच्या पातळीला आलेलं. आता गिरणीच्या इंजिनाचा मेस्त्री होता, आणि सोडलेल्या खेळाची खाज हमाल पोरांना शिकवून भागवून घेत होता.

त्याने पोतं सोडलं आणि धाकलूसमोर येऊन उभा राहिला.

"देख. डोकं छोटं. डोकं हलतं. तू मारतो, ते सरकतं, तुझा हात फुकट. लागलं तर हाडाला लागतं. ग्लोव्ह हाताला वाचवतो, डोक्याला नाय वाचवत. आणि पेट? पेट किधर जाएगा? पेट घर में बैठा है."

मग त्याने करून दाखवलं. कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यांतून बसायचं, आपला खांदा समोरच्याच्या पोटाशी येईल इतकं. कोपर बरगडीला चिकटलेलं हवं. मग हात खालून, अंगाला घासून वर आणायचा.

"वरून हात आला की आदमी डरतो, मुंडी झाकतो. खालून येनारा हात त्याला दिसतच नाय. समझा?"

"समाजलं," धाकलू म्हणाला, आणि पुन्हा पुसलेल्या डोळ्यांवरच ठोसा घातला.

पोत्यांच्या थप्पीवर बसून भाकरी मोडत असलेला नागू खोखो हसला. नागू खालापूरकडचा. हंगामाला बायकोला घेऊन गिरणीवर येई आणि गिरणीच्या खोपटात राही. धाकलू आणि तो एकाच टोळीत पोती वाहत. नागू अंगाने आडवा, खायला खमक्या आणि तोंडाने फाटका.

"मेस्त्री, त्याला पोट नका दाखवू," तो म्हणाला. "पोट दिसलं की त्याला आय आठवते." आणि उठून, बंडी वर करून त्याने आपल्या पोटावर थाप मारली. "हे बघ रं धाकल्या. जयवंतानं भाकऱ्या घालून मढवलंय. मार, नाय फुटनार."

"पोटावर मी नाय मारनार," धाकलू म्हणाला.

"का पन?"

"नेम हाय माजा."

मेस्त्रीने कपाळाला हात लावला. त्याच्या तोंडी दिवसभर हाच शब्द असे, 'नेम धर, नेम धर'. त्याचा नेम डोळ्यांनी धरायचा होता आणि धाकलूचा आईच्या शब्दाखातर. एकाच शब्दाला दोघे दोन बाजूंनी धरून ओढत होते, तर तो पोटापर्यंत पोचणार कसा?

या नेमामागे बाप होता. धाकलूचा बाप कोंडाजी पळसदरीच्या वरच्या रानात एका लाकडाच्या ठेकेदाराकडे कोळशाच्या भट्ट्या लावायचा. एकदा घरी नेलेल्या मोळीवरून ठेकेदाराने त्याला चार माणसांत उभं केलं आणि काठी उचलली. कोंडाजी स्वतःच ओणवा झाला आणि म्हणाला, "पाठीवर मारा धनी, पोटावर मारू नका." ठेकेदाराला काय वाटलं कोण जाणे. त्याने काठी खाली ठेवली, पाठीला हात लावला नाही, आणि 'उद्यापासून येऊ नको' म्हणाला.

त्या साली घरात चूल पेटे ती रानातले कंद उकडायला. कडू कंद राखेच्या पाण्यात उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून मग खायचे असतात, हे कोंडाजीला लहानपणापासून ठाऊक होतं. पण भुकेला शहाणपण नसतं. एका संध्याकाळी त्याने कडूपणा नीट न उतरलेले कंद खाल्ले आणि रात्रभर दोन्ही हातांनी पोट आवळून लोळत राहिला. धाकलू तेव्हा गुरांमागे जाण्याइतपत मोठा होता. बापाचे ते पोटावर आवळलेले हात सरणावर ठेवतानाही सुटले नाहीत, ते त्याने पाहिलं. तेराव्याला त्याच्या आईने, बायजाने, त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाली, "काय वाट्टेल ते कर, पन कुनाच्या पोटावर हात उचलू नको."

म्हणीचा अर्थ काय, ते धाकलूला कळत नव्हतं असं नाही. पोटावर मारणं म्हणजे कुणाची भाकरी तोडणं, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच्या मनात त्या म्हणीला बापाचे हात चिकटले होते आणि ते काही सुटत नव्हते. पोट म्हटलं की त्याचा ठोसा मनगटातच मरून जाई.

एरवी हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण गिरणीच्या शेठच्या डोक्यात एक कल्पना आली.

लढाईचा काळ होता. शेतकऱ्याचं भात सरकार नेई, बाजारात दाणा मिळेना, आणि ज्या गिरणीतून तांदळाच्या गाड्या भरभरून जात तिथले हमाल कणीची पेज पीत. खालापूरच्या पुढे माळावर लष्कराची एक छावणी पडली होती. तिथला तांदूळ शेठच्या गिरणीतून जाई. छावणीच्या साहेबाने लढाईच्या फंडासाठी जत्रा भरवायचं ठरवलं, त्यात गोऱ्या सोल्जरांची बॉक्सिंग, आणि तोंडी लावायला एखादी देशी जोडी हवी म्हणाला. शेठला लढाईचं सोयरसुतक नव्हतं, तांदळाचं होतं. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "जोडी माझी."

नेमकं त्याच वेळी गिरणीच्या बॉयलरवरचा जुना आगवाला कामातून गेला. जन्मभर जाळात बघून बघून त्याचे डोळे गेले होते. हमालांना काम दिवाळीपासून होळीपर्यंत. पुढे पावसाळा संपेपर्यंत ज्याने त्याने आपापलं बघावं. आगवाल्याला मात्र बारमाही काम, वर्षभराची कणी, आणि बॉयलरला लागून पत्र्याची पक्की खोली. शेठने धाकलू आणि नागूला गादीसमोर उभं केलं.

"दोघांचंही नाव मेस्त्रीनं घेतलंय. मी कुणाला नाही म्हणू? छावणीत खेळा. शेवटी जो उभा राहील तो होळीनंतर बॉयलरवर." आणि हसून म्हणाला, "माझ्यावर बोल नको."

दोघांनाही ते काम हवं होतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं. धाकलूच्या आईला दम्याने धरलं होतं. तिचं खोपट दर आषाढात गळे आणि ती रात्र रात्र टोपलं डोक्यावर घेऊन बसे. नागूची जयवंता गिरणीत तांदूळ पाखडायची, आणि तिला सातवा लागला होता.

"म्हंजे एकानं दुसऱ्याच्या पोटावर मारायचंच की रं," नागू बाहेर आल्यावर म्हणाला. "आता तुजा नेम काय करनार?"

"काम गेलं तर शेठनं नेलं. माजा हात नाय लागनार तुज्या पोटाला."

"मग जिंकनार कसा, शान्या?"

"डोकं हाय की."

नागू हसला, पण नेहमीसारखा नाही.

मेस्त्रीला हे कळलं तेव्हा तो चिडला. धाकलूला त्याने बॉयलरमागे ओढून नेलं. "सुन. पेट में मारा तर आदमी बसतो. हवा जाते, हवा येते, उठतो, घर जाऊन जेवतो. हेड पे मारा तर खडा रहता है. लोक टाळी देतात. पण मी बघितला हाय जहाजावर, धाकलू. खडा रहता है, मगर वो आदमी नहीं रहता. नागू तुझा दोस्त हाय ना? तर पेट में मार. जा, तुझ्या मा को पूछ के आ."

धाकलू रविवारी पळसदरीला गेला. बायजा अंगणात नाचणी निवडत होती. धापा टाकत बोलायची, म्हणून थोडकंच बोलायची. धाकलूने आधी कामाचं सांगितलं, खोलीचं सांगितलं. बॉक्सिंगचं काय सांगणार? तिला तो खेळ ठाऊक नव्हता, आणि म्हाताऱ्या आईसमोर 'आम्ही एकमेकांना ठोसे मारतो' म्हणायची त्याला लाजही वाटली.

"पन आये, त्यासाटी नागूच्या पोटावर मारायला लागंल," तो म्हणाला. "मेस्त्री म्हनतो, मार. आयला इचार म्हनतो."

बायजाचे हात थांबले.

"त्या पोराची बायको गरवार हाय ना?"

"हाय."

"आनि तू त्याच्या पोटावर मारनार?" तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तिने सूप बाजूला सारलं. "लाज नाय वाटत इचारायला? तुजा बाप कशानं मेला? आरं, त्यापरीस एकमेकांची डोकी फोडा, पन पोटावर मारू नको."

ती बोलत होती भाकरीविषयी आणि तो ऐकत होता बरगडीखालच्या जागेविषयी. दोघांपैकी एकाने आणखी एक प्रश्न विचारला असता तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती. पण आमच्याकडे आईला दोनदा विचारत नाहीत. धाकलू पाया पडला आणि हलक्या मनाने परत गेला. नेम कायम राहिला होता, आणि आईनेच राखला होता.

जत्रेच्या दिवशी पहाटे शेठने बैलगाडी दिली. मेस्त्री, धाकलू, नागू आणि जयवंता, सगळे एकाच गाडीत. पळसदरीचं तळं मागे पडलं, ऊन वर आलं, तेव्हा जयवंताने फडकं सोडलं. तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणीची चटणी. तांदळाची भाकरी त्या साली हमालाच्या घरात सणाला व्हायची. तिने मोठी भाकरी घेऊन मधोमध मोडली, अर्धी नवऱ्याला दिली आणि अर्धी धाकलूपुढे केली.

"दोगं बी खावा," ती म्हणाली. "उपाशीपोटी मारामारी नगं. आनि भावजी, जरा बगून. तुमचा हात लय जड हाय म्हनतात."

"तुज्या भाकरीला नाय हात लावनार, वैनी," धाकलू म्हणाला. जयवंता हसली. त्याने खरंच वचन दिलं होतं, आणि ते फक्त त्यालाच कळलं होतं.

माळावर चार वासे रोवून दोर बांधले होते, खाली पेंढा आणि वर ताडपत्री. समोर खुर्च्यांवर साहेब आणि मडमा, त्यांच्या कडेला फेटा बांधलेला शेठ, आणि दोराच्या पलीकडे आजूबाजूच्या गावांतली माणसं. त्यांना वाटलं होतं कुस्ती आहे. हलगी का नाही, म्हणून एक म्हातारा विचारत होता.

पहिली फेरी नागूची. तो मेस्त्रीचा चांगला चेला होता. डावीकडे झुकला, गुडघ्यांतून बसला आणि त्याचा हात खालून आला. उजव्या बरगडीखाली बसला. धाकलूचा श्वास गेला आणि त्याचा गुडघा ताडपत्रीला टेकला. अंगातली सगळी हवा कुणी पिळून काढली होती, तरी डोकं लख्ख होतं. पंच मोजत असलेले आकडे ऐकू येत होते, दोरापलीकडे पदराने तोंड झाकलेली जयवंता दिसत होती, मेस्त्री 'दम ले, दम ले' म्हणत होता तेही कळत होतं. मग हवा परत आली आणि तो उठला. नागू चार पावलं मागे सरून उभा होता.

"दमानं रं," नागू पुटपुटला.

दुसऱ्या फेरीपासून पारडं फिरलं. धाकलूचे हात लांब होते आणि नागू आडव्या अंगाचा, लवकर दमणारा. एक ठोसा नागूच्या भुवईवर बसला, दुसरा कानशिलावर. नागूने दोन्ही कोपरं वर घेतली आणि हातमोज्यांत तोंड झाकून घेतलं. तसं करताना त्याचं सगळं पोट उघडं पडलं.

"बॉडी!" मेस्त्री दोराला धरून ओरडला. "धाकलू, बॉडी! खुला है! एक मार, बस हो गया!"

ते धाकलूला दिसत होतं. घामाने चमकणारं पोट, त्यावरचा काळा करदोटा, श्वासाबरोबर आत-बाहेर होणारं. त्यात सकाळची अर्धी भाकरी होती आणि उरलेली अर्धी त्याच्या स्वतःच्या पोटात होती. त्याने गुडघे वाकवलेसुद्धा. कोपर बरगडीला लागलं. हात निघाला, आणि अर्ध्या वाटेवर बापाची आवळलेली बोटं आडवी आली. तो पुन्हा सरळ झाला आणि नागूच्या हातमोज्यांच्या बाजूने, कानामागे, जोर लावून ठोसा घातला.

मेस्त्रीने तोंड फिरवलं.

गोरे सोल्जर शिट्ट्या घालत होते. नागू पडत नव्हता हेच त्यांना आवडत होतं. तो नुसता उभा होता. प्रत्येक ठोशाला मान एकीकडे जाई आणि परत जागेवर येई. धाकलू मनात म्हणत होता, पड रं, पड एकदाचा. त्याला वाटत होतं, पोट सांभाळून आपण मित्राला वाचवत आहोत, आता हा पडला की संपलं. शेवटी एक आडवा हात कानशिलावर बसला आणि नागू पाठीवर, पसरल्या हातांनी पडला.

आकडे संपायच्या आत तो उठूनही बसला, पण उभा राहिला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबाने दोघांचे हात हातात घेतले, शेठने नारळ दिले. नागू हसत होता.

"कोन जिंकला?" त्याने विचारलं.

"धाकलू," मेस्त्री म्हणाला.

"बेस झालं," नागू म्हणाला आणि धाकलूच्या पाठीवर थाप मारली. "खोलीत आयला आन आता."

गाडी निघाली. थोडं पुढे आल्यावर नागूने विचारलं, "कोन जिंकला?" धाकलूला वाटलं, चेष्टा करतोय. ओढा ओलांडल्यावर त्याने पुन्हा विचारलं, "कोन जिंकला रं?" जयवंताने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तो तसाच हसत होता. मग त्याने विचारण्याचाच धोशा लावला, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखा, आणि धाकलू प्रत्येक वेळी 'मी' म्हणत होता, दर खेपेला जास्त हळू. पळसदरीच्या अलीकडे नागूला भडभडून उलटी झाली. भाकरी तशीच बाहेर पडली. त्यानंतर त्याने काही विचारलं नाही.

तो मेला नाही. पुष्कळ दिवस गिरणीच्या खोपटात डोळे मिटून पडला होता, मग डोळे उघडले. पण उजवा हात अंगाला लोंबता राहिला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि माणसं ओळखीची वाटली तरी नावं सापडेनात. शेठने कणीचं पोतं गाडीत टाकून दिलं आणि दोघांना गावी पोचवलं. 'खेळात असं होतंच,' असं तो गादीवरून ज्याला त्याला सांगत होता. जयवंता जाताना धाकलूशी बोलली नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही.

होळी झाली आणि धाकलू बॉयलरवर गेला. मेस्त्रीने हातमोजे खिळ्यावरून काढून कुठे टाकले ते कुणाला कळलं नाही. पोतं मात्र त्याने धाकलूसमोर आणून उसवलं, त्यातलं तूस जमिनीवर ओतलं आणि म्हणाला, "डाल." धाकलूने ते फावड्याने बॉयलरच्या तोंडात घातलं. कोळशाचा गोल काढलेलं गोणपाट शेवटी गेलं.

बायजा पत्र्याच्या खोलीत राहायला आली. पहिल्याच दिवशी तिला आजूबाजूच्या बायकांनी सगळं सांगितलं. धाकलू संध्याकाळी आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती.

"मी म्हनले ते पोट हातानं मारायचं न्हवं रं," ती म्हणाली. "त्याच्या भाकरीवर पाय देऊ नको म्हनले."

"मग तसं का नाय बोललीस?"

"तू तरी कुठं सांगितलंस, हातानं मारायचं हाय म्हनून?"

धाकलूला राग आला. आईचा आला, मेस्त्रीचा आला, मेलेल्या बापाचाही आला, आणि तो राग कुणावर काढता येईना म्हणून तो बाहेर येऊन बॉयलरसमोर बसला. त्या रात्री दोघंही जेवली नाहीत.

वैशाखात गिरणीची कामं आटोपल्यावर त्याने आपल्या वाट्याच्या कणीचं गाठोडं बांधलं, बाजारात सुकट घेतली, आणि वाट धरली. हे आधीच करायला हवं होतं, पण धीर झाला नव्हता. खालापूरच्या अलीकडे, भाताच्या खाचरांना लागून नागूचं घर. खाचरं तापून भेगाळली होती.

नागू ओटीवर बसला होता. आडवं अंग ओसरून गेलं होतं, बरगड्या मोजता याव्यात इतकं. आत झोळीत पोर रडत होतं.

"कोन जिंकला?" नागूने धाकलूला बघून विचारलं.

"येनाऱ्याला हेच इचारतो," जयवंता दारातून म्हणाली. "घाबरू नका. तुमाला ओळखून नाय इचारत."

धाकलूने गाठोडं पायरीवर ठेवलं. ती ते उचलेल की लाथेने उडवील, ते त्याला कळेना. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"वैनी, मी... पोटाला मी हात नाय लावला."

"ठावं हाय. तितंच होते मी. मेस्त्री वरडत होता तरी नाय लावला." तिने पदराने नवऱ्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली. "उजवा हात हलत नाय ह्याचा. डाव्यानं घास तोंडापोतुर जात नाय. मी खाचरात गेले की उपाशी बसतो. पोर रडतं, हा बगत बसतो. नेम चुकला नाय तुमचा, भावजी. बरोबर पोटावरच लागला."

धाकलूला वाटलं, हिने आपल्याला हाकलून द्यावं. शिव्या घालाव्या. पण तिला पोराकडे बघायचं होतं, चूल पेटवायची होती, सांजेच्या आत पाणी आणायचं होतं. शिव्या घालायला वेळ असलेल्या बाईचा संसार तो नव्हे.

तेवढ्यात नागूने डाव्या हाताने आपल्या पोटावर थाप मारली. एकदा, दोनदा. धाकलूला वाटलं, तीच जुनी चेष्टा, 'मार, नाय फुटनार'.

"भूक लागली त्याला," जयवंता म्हणाली. तिने आतून पेजेत कालवलेल्या भाताचं ताट आणलं, जरा थांबली, आणि ते धाकलूच्या हातात दिलं. "तुमीच भरवा आज. मी पोराला घेते."

धाकलूने हात धुतले. नागूसमोर उभा राहिला, घास केला आणि त्याच्या तोंडाकडे नेला. नागूच्या डोळ्यांसमोर तो हात आला मात्र, त्याने मान खांद्यांत ओढली आणि डावं कोपर झटक्याने वर घेऊन डोकं झाकलं. घास ओटीवर सांडला. कोपराआडून तो थरथरत होता, मारणाऱ्यापुढे बैल थरथरतो तसा.

"वरून नगं," आतून जयवंताचा आवाज आला. "वरून हात आला की भितो. खालून आना."

धाकलूने गुडघे वाकवले. कमरेतून नाही, गुडघ्यांतून, खांदा नागूच्या खपाटीला गेलेल्या पोटाशी येईल इतका तो खाली बसला. कोपर बरगडीला चिकटवलं, दुसरा घास केला, आणि हात खालून, त्याच्या अंगाला घासून वर आणला. नागू भ्याला नाही. कोपर हळूहळू खाली आलं, वाकडं तोंड उघडलं, आणि घास आत गेला.

नागू सावकाश चावत होता. अर्धा भात कोपऱ्यातून गळत होता, तो धाकलूने बोटाने पुन्हा आत सारला. मग ताटातला पुढचा घास घेतला आणि पुन्हा गुडघे वाकवले.